चित्रफितींच्या दोन प्रती

इतिहासाच्या विद्यार्थ्याला मूळ दस्तऐवज आणि त्याची नक्कल यांतील भेद प्रारंभीच शिकविला जातो. तोच भेद संगणकावरही काटेकोरपणे पाळावा लागतो, हे आम्हांला या स्मरणिकेच्या कामात उमगले. कार्यालयातील लोखंडी कपाटात स्नेहसंमेलनांच्या आणि पालक मेळाव्यांच्या व्हीएचएस कॅसेटी पडून होत्या. त्या संगणकावर उतरवून घेण्याचे काम संस्थेने आमच्यावर सोपविले.

त्या कॅसेटींत वसतिगृहाच्या अंगणात उभ्या राहून आपल्या मुलांविषयी बोलणाऱ्या माता आहेत. त्यांतील कित्येकींनी प्रवेश-अर्जावर सहीच्या जागी अंगठा उमटविला होता. त्यांच्या हातचे लिखित असे काही मागे उरलेले नाही. उरला आहे तो फितीवरचा आवाज. फीत मात्र चिरकाल टिकत नाही. तिला बुरशी धरते, तिच्यावरील चुंबकीय थर झडतो, आणि चालू स्थितीतला व्हीसीआर आता शोधूनही सापडत नाही. म्हणून प्रत्येक कॅसेट आपण बहुधा शेवटचीच लावीत आहोत, असे धरूनच पुढचे निर्णय घ्यावे लागले.

यापूर्वी काही कॅसेटी शहरातील एका दुकानातून सीडीवर करून घेतलेल्या होत्या. त्या संगणकात घातल्या की आवाज येई, चित्र दिसत नसे. फाइलीच्या नावापुढे ‘एव्हीआय’ होते. पण एव्हीआय हे केवळ वेष्टन. आतील चित्र ज्या रीतीने आकुंचित करून भरले जाते आणि पाहताना पुन्हा उलगडले जाते, ती रीत म्हणजे कोडेक. दुकानदाराने डिव्हएक्सची जुनी आवृत्ती वापरली होती. जुन्या धाटणीची संपादन-सॉफ्टवेअरे स्वतःजवळ कोडेक न बाळगता संगणकात बसविलेला कोडेक उसना घेतात, आणि त्यातही एक अट असते : ३२-बिट सॉफ्टवेअरला ३२-बिटच कोडेक चालतो, ६४-बिटला ६४-बिटच. जोडी जुळली नाही तर कोडेक संगणकात असूनही सॉफ्टवेअरच्या यादीत त्याचे नाव उमटत नाही. व्हीएलसीमध्ये उलगडण्याची सामग्री आतच असल्यामुळे त्या सीड्या त्यात चालल्या. पण चेहऱ्यांचे चौकोनी ठिपके झाले होते. एवढे आकुंचन केल्यावर गेलेला तपशील कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. मूळ कॅसेटी कोणी टाकून दिल्या नाहीत, हे आपले भाग्य.

यातून आम्ही ठरविले की प्रती दोन करायच्या. एक जपण्याची, दुसरी पाहण्याची.

जपण्याच्या प्रतीत काहीही गमावलेले चालणार नव्हते. कॅसेटचे चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे, सेकंदाला २५ चौकटी. ते जसेच्या तसे साठविले तर तासाला सुमारे ७५ जीबी लागतात. एफएफव्ही१ हा मुक्त कोडेक कोणताही तपशील न गाळता हा भार बराच हलका करतो. परंतु त्याच्याही आवृत्त्या आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अधिकृत वर्णनात ०, १ आणि ३ या आवृत्त्या आहेत. दुसरी प्रयोगापुरतीच राहिली. आम्ही तिसरी निवडली. तीत प्रत्येक चौकटीचे तुकडे पाडून तुकड्यागणिक पडताळणीचा अंक नोंदविता येतो. उद्या हार्ड डिस्कवर एखादी फाइल किडली, तर नेमकी कोठे किडली ते कळते. दस्तऐवजाच्या खरेपणाची परीक्षा करण्यात ज्याने उमेद घालविली आहे, त्याला यापेक्षा मोठे समाधान कोणते? आवृत्ती स्पष्ट न सांगितल्यास सॉफ्टवेअर जुनीच वापरण्याचा संभव असतो, म्हणून एफएफएमपेगच्या आज्ञेत ‘लेव्हल ३’ आम्ही दर वेळी लिहितो.

पाहण्याच्या प्रतीविषयी मात्र बराच वाद झाला. आमचे काही माजी विद्यार्थी आज संगणक क्षेत्रात आहेत. त्यांचा आग्रह एच.२६५ चा. त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. २०१३ चा हा कोडेक तेवढ्याच गुणवत्तेला एच.२६४ च्या जवळपास निम्मी जागा घेतो. एकाने २०१८ च्या एव्ही१ चेही नाव घेतले. तो तर स्वामित्वशुल्कमुक्त. पण ही प्रत पाहणार कोण? वीटभट्टीवर असलेला पालक, ज्याचा फोन थोरल्या मुलाने वापरून टाकलेला आहे. त्या फोनला नवा कोडेक उलगडता येत नाही, किंवा चित्र अडखळत चालते. ज्या आईचे बोलणे आहे, तिच्याच नातवाला ते दिसणार नसेल तर जागा वाचवून काय साधले? २००३ चा एच.२६४ बहुतेक सर्वत्र चालतो. आम्ही तोच धरला, आणि सांगावयास आनंद वाटतो की आग्रह धरणाऱ्यांनीच पुढे रात्री जागून फाइली तयार केल्या.

तरीही एक खोच उरली होती. चाचणीची पहिली फाइल कार्यालयातील संगणकावर उत्तम चालली; फोनवर आणि सभागृहातील टीव्हीवर नुसता काळा पडदा. कोडेक तोच, पण त्याच्या पोटात प्रकार असतात, त्यांना प्रोफाइल म्हणतात. कॅसेटवरून घेतलेल्या चित्राची रंगमाहिती ‘४:२:२’ या मापाची, म्हणजे प्रत्येक ओळीला रंग. सॉफ्टवेअरने ती तशीच ठेवून ‘हाय ४:२:२’ प्रोफाइल निवडले होते, आणि साध्या उपकरणांना ते उलगडता येत नाही. रंगमाहिती ‘४:२:०’ वर आणली, प्रोफाइल ‘हाय’ आणि लेव्हल ३ सांगितली, तशी तीच फाइल सर्वांत स्वस्त फोनवरही चालली. (ही लेव्हल आणि वरची लेव्हल यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, नामकरण करणाऱ्यांनी एवढी दया दाखविली असती तर बरे झाले असते.) रंगाचा तो थोडा तपशील नक्कलेत गेला खरा, मुळात तो शाबूत आहे.

जपण्याच्या प्रती दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत, एक कार्यालयात आणि एक गावाबाहेर. कोणता कोडेक, कोणती आवृत्ती, कोणते सॉफ्टवेअर हे कागदावर लिहून प्रत्येक डिस्कच्या पेटीत ठेवले आहे. पाहण्याच्या प्रती मेळाव्याच्या दिवशी वाचनालयात मिळतील. पालकांनी फोनमध्ये दोन-तीन जीबी जागा मोकळी करून यावे. बुरशी धरलेल्या तीन कॅसेटी अद्याप लावलेल्या नाहीत. त्या साफ करून घेतल्याशिवाय व्हीसीआरमध्ये घालणार नाही.