किलवरची छक्की

रमीत ऐंशी गुण चढणं म्हणजे काही जगबुडी नाही. चढतात, आणि पुढच्या डावात माणूस सावरतो. पण माझ्या नावाखाली एकदा जे ऐंशी लिहिले गेले ते मला तेव्हा मान्य नव्हते आणि आजही नाहीत. ते कुणी लिहिले, कोणत्या रंगाच्या शाईनं लिहिले, हेसुद्धा मी सांगू शकते.

लग्नानंतरचे पहिले गणपती. सासर रत्नागिरी जिल्ह्यात. आरत्या-भजन आटोपलं की पडवीत चटया पडतात आणि पत्ते निघतात, हे कोकणात कुणाला सांगायला नको. पुरुष पडवीत, बायका माजघरात उद्याच्या नैवेद्याचे नारळ खवत. त्या रात्री एक गडी कमी पडत होता. धाकटा दीर आत आला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्हाला रमी येते म्हणे?"

येते म्हणे! माझे बाबा रोज पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईला नोकरीला जायचे. पासवाल्यांच्या डब्यात चौघांच्या गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी टाकून जो अड्डा जमायचा, त्यातले ते कायमचे मेंबर. रविवारी हात शिवशिवायला लागले की आम्हा बहिणींना समोर बसवायचे. दोन अंकी बेरीज मी शाळेत नाही, रमीच्या गुणांवर शिकले. सासूबाईंनी मान हलवून "जा" म्हटलं, मी पदराला हात पुसले आणि बाहेर येऊन बसले.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन कॅट एकत्र पिसायचे, छापील जोकर आत ठेवायचे, प्रत्येकाला तेरा पानं. उरलेला गठ्ठा पालथा, आणि त्यातलं एक पान उघडं करून गठ्ठ्याखाली आडवं सरकवायचं. तो त्या डावाचा जोकर. तिर्री निघाली तर चारी रंगांच्या तिर्र्या कुठल्याही पानाच्या जागी चालतात. आपली पाळी आली की एक पान उचलायचं, एक टाकायचं. एकाच रंगाची ओळीनं तीन किंवा जास्त पानं म्हणजे सिक्वेन्स. वेगवेगळ्या रंगांची एकाच किमतीची तीन किंवा चार म्हणजे सेट. सिक्वेन्स किमान दोन हवेत आणि त्यातला एक बिनजोकरचा, म्हणजे प्युअर. प्युअर नसेल तर हातात काहीही जमलेलं असो, सगळं मोजलं जातं. एक्का आणि चित्रं दहा-दहा, बाकी पानांचे पानावरचे आकडे, आणि ऐंशीच्या वर जात नाही. आम्ही २०१ चा पूल लावला होता. पाच-पाच रुपये मधे. २०१ झाले की माणूस बाद. पहिल्याच पाळीला पानं टाकली तर २५, खेळायला लागल्यावर टाकली तर ५०.

वही आबाकाकांकडे. हे माझे चुलत सासरे, निवृत्त तलाठी. हिरव्या शाईचं पेन आणि आखलेली वही घेऊनच ते चटईवर बसत. आता तो डाव. जोकर निघाला किलवरची छक्की. माझ्या हातात किलवरची पंजी, छक्की, सत्ती. बदामची नव्वी, दश्शी, राणी आणि मधल्या गुलामाच्या जागी छापील जोकर. इस्पिक, बदाम आणि चौकटच्या चौक्या. इस्पिक आणि किलवरचा राजा, आणि तिसऱ्या राजाची वाट बघत धरून ठेवलेली इस्पिकची अठ्ठी. गठ्ठ्यातून चौकटचा राजा आला. अठ्ठी पालथी टाकली, म्हटलं, "शो."

दीर म्हणाला, "वा वहिनी!" मी पानं मांडली. आबाकाकांनी चष्मा कपाळावर घेतला, वाकून बघितलं आणि किलवरच्या छक्कीवर बोट ठेवलं.

"प्युअर कुठाय?"

"हाच, काका. पंजी, छक्की, सत्ती."

"छक्की जोकर आहे. जोकर घातला की प्युअर राहिला नाही."

"पण काका, ती किलवरचीच छक्की आहे आणि किलवरच्या छक्कीच्याच जागी बसली आहे. ती कुणाच्या जागी आलेली नाही."

आता हे नीट बघा. जोकर म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभं राहणारं पान. मी इस्पिकची छक्की तिथे खुपसली असती तर ते म्हणाले ते शंभर टक्के बरोबर. पण दोन कॅटांत किलवरच्या छक्क्या असतात दोन. एक गठ्ठ्याखाली सगळ्यांना दिसत होती, दुसरी माझ्याकडे. तिला तिच्या स्वतःच्या घरात बसायची बंदी? बाबांच्या डब्यात हा नियम कोळून प्यालेला होता: जोकर आपल्या जागी असेल तर ते साधं पान. ज्या ज्या ठिकाणी मी पुढे खेळले तिथेही बहुतेक हेच.

"आमच्याकडे नाही चालत," आबाकाका म्हणाले आणि वही उघडली. माझे १३८ होते. खाली हिरव्या शाईत ८० आणि त्याखाली रेघ मारून २१८. बाद. तलाठ्यानं नोंद केली. हरकत असेल तर प्रांताकडे जा! मी नवऱ्याकडे बघितलं. तो सुपारी कातरत होता. कातरतच राहिला.

"खेळाआधी आमचे नियम विचारून घ्यायचे असतात, सूनबाई," एवढं वर ऐकवलं. विचारणार कोण? पानं वाटून झाल्यावर तर मला बोलावलं होतं. मी पाच रुपये सोडले आणि आत जाऊन नारळ खवायला बसले. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात संपलं?"

इथवर असतं तर मी विसरले असते. प्रत्येक घराची रमी वेगळी असते हे मलाही कळतं. पण गौरी आल्या आणि गौरींबरोबर आबाकाकांचे जावई आले. त्यांना अर्थातच मानाची जागा, उशाला लोड. मी चहाचा ट्रे घेऊन पडवीत उभी. त्या डावाचा जोकर चौकटची नव्वी. जावयांनी शो म्हटलं आणि मांडलं: चौकटची अठ्ठी, नव्वी, दश्शी. दुसरा एकही बिनजोकरचा सिक्वेन्स नाही, मी दोनदा बघितलं. आबाकाकांनी चष्मा कपाळावर घेतला. बघितलं. "वा, जावईबापू! सुटलात." आणि बाकीच्यांचे गुण लिहायला घेतले.

धाकटा दीर, देव त्याचं भलं करो, बोलला. "काका, परवा वहिनींचं..."

"परवाचं वेगळं होतं."

काय वेगळं होतं हे कुणी विचारलं नाही. जावयांना तर परवा काय झालं तेच माहीत नव्हतं, त्यांचा दोष नाही. त्यांनी ट्रेमधला कप उचलला आणि मला थँक्यू म्हणाले.

तेव्हापासून माझा एक सल्ला सगळ्यांना असतो: वहीच्या पहिल्या पानावर आधी नियम लिहा, मग पानं वाटा. जागेवरचा जोकर प्युअर धरायचा की नाही? राणी-राजा-एक्का चालतं, एक्का-दुर्री-तिर्री चालतं, पण राजा-एक्का-दुर्री नको, हे स्पष्ट लिहा, कारण रात्री बारानंतर कुणीतरी ते मांडतंच. कुणी टाकलेला जोकर उचलता येतो का? घरच्या माणसांत कसली लिखापढी असं म्हणणारा माणूस हमखास वही धरणारा असतो.

आणि खेळायचं तर नीट खेळा. चित्रं पहिल्या दोन-तीन पाळ्यांत सोडा, राजा धरून बसणारे लोक ऐंशीत जातात. मधली पानं जपा. सत्ती तीन प्रकारे बसते: पंजी-छक्कीबरोबर, छक्की-अठ्ठीबरोबर, अठ्ठी-नव्वीबरोबर. एक्का बसतो दोनच प्रकारे. तुमच्यानंतर खेळणारा काय उचलतोय ते बघा आणि त्याच्या शेजारपाजारचं पान मेलात तरी टाकू नका. सर्वोच्च न्यायालयानंही हेच ओळखलं होतं. सिकंदराबादच्या एका क्लबवर पोलिसांनी धाड घातली, त्यावरून आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण हा खटला झाला. १९६८ चा म्हणून तो ओळखला जातो. तीन पत्तीसारखी रमी निव्वळ नशिबाची नाही, कुठली पानं पडली ते लक्षात ठेवावं लागतं, काय धरायचं आणि काय टाकायचं यात कौशल्य आहे, असं न्यायमूर्तींनी म्हटलं. वाचताना मला आबाकाकाच दिसले. सगळी पडलेली पानं त्यांना ओळीनं पाठ असायची. डाव संपल्यावर कुणी कुठल्या पाळीला काय सोडलं ते घडाघडा सांगायचे. इतका पक्का खेळाडू मी बाबांच्या डब्यातही ऐकला नाही.

पण खरं सांगायचं तर माझ्या त्या हातात कौशल्य कितीसं होतं? किलवरच्या तिन्ही वाटतानाच आल्या होत्या.

२०२५ च्या गणपतीला पुतण्या तोंड पाडून बसला होता. मोबाइलवर पैसे लावून रमी खेळायचा, किती घालवले ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा केला. ऑनलाइन पैशांचे खेळ बंद, कौशल्याचा असो की नशिबाचा. गणपती २७ ऑगस्टला बसले तोवर त्याच्या ॲपवरचे पैशांचे डाव थांबले होते. बरं झालं. समोर माणूस नाही, वही नाही, भांडायला कुणी नाही, त्याला रमी काय म्हणायचं! तरी मी त्याच्याकडून एक गोष्ट करून घेतली. बिनपैशाच्या डावात जागेवरचा जोकर चालतो का ते बघायला लावलं. चालतो. ॲपनं प्युअर धरला.

गंमत अशी की आता माझ्या घरी मी मुलांना तो धरू देत नाही. आबाकाकांच्याच नियमानं खेळवते. प्युअर अवघड झाला की डाव लांबतो आणि रंगतो, हे मला कबूल करावं लागतं. नियमाबद्दल माझं भांडण नाहीच आता. जावयांबद्दल आहे.

पुतण्याचा फोन घेऊन मी आबाकाकांपुढे जाऊन बसले. नव्वदीला टेकलेत, नजर कमी झाली आहे, पण पत्ते सोडलेले नाहीत. ठसठशीत आकड्यांचा कॅट मुंबईहून मागवला आहे त्यांच्यासाठी. म्हटलं, "काका, माझ्या पहिल्या गणपतीचा डाव आठवतो? किलवरची छक्की?"

"आठवतो की. तुला बदामचा गुलाम हवा होता. जोकरच्या जागी तो आला असता तर बदामचाच प्युअर झाला असता. एक गुलाम माझ्याकडे होता, सोडला नाही मी."

मी कुणाला माझी पानं दाखवून हे कधी समजावलं नव्हतं. उघडी पडली होती तेवढ्या वेळात त्यांनी ते जुळवलं होतं.

"आणि गौरीच्या दिवशीचा? चौकटची नव्वी, जावयांचा?"

"कुठला डाव?" त्यांनी वही पुढे ओढली. "बसतेस का? पाचच आहोत."

बसले. माझ्या हातात सहा चित्रं आली, जोकर एकही नाही. २५ लिहा म्हटलं आणि पहिल्याच पाळीला पानं टाकली.