जुन्या कॉम्प्युटरला वायफाय: डोंगलपेक्षा जागा महत्त्वाची



शेडमधल्या खोलीत आमचा २०११ चा डेस्कटॉप आहे. द्राक्षबागेच्या दहा हंगामांच्या फवारणी नोंदी त्यात आहेत. कुठलं औषध, किती प्रमाण, कोणती तारीख, काढणीला किती दिवस बाकी. निर्यातीला माल द्यायचा म्हटलं की आधी हेच मागतात. हार्डडिस्क कधी बसेल याचा नेम नाही, आणि राउटर घरात, मध्ये चाळीसेक फूट अंगण. म्हणून नोंदींची प्रत घरच्या लॅपटॉपवर जावी यासाठी वायफाय जोडलं.

लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि सगळ्यात भरवशाची. पण आमच्या अंगणातून ट्रॅक्टर फिरतो, उंदरांचाही त्रास. सीपीयू उघडून आत कार्ड बसवता येतं. आम्ही सोपा मार्ग धरला: यूएसबी डोंगल, ५०० रुपयांच्या आत.

आता मुद्द्याचं. डोंगल सीपीयूच्या मागे खोचला की पुढे लोखंडी डबा, भोवती पत्र्याची भिंत. लोखंड आणि पत्रा सिग्नल अडवतात. पंप कितीही भारी असो, नोझल पानाकडे नसेल तर औषध वायाच ना? तसंच हे. म्हणून अँटेनावाला डोंगल घेतला, दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन वायर लावली आणि तो घराकडच्या खिडकीत ठेवला. सिग्नल एका कांडीवरून थेट चारवर.

राउटरवर २.४ गिगाहर्ट्‌झ चालू ठेवा. ५ चा वेग जास्त, पण भिंतीपलीकडे २.४ च जास्त टिकतो. नोंदींच्या फाइलला तेवढा वेग भरपूर झाला.

घेण्याआधी खोक्यावर तुमच्या विंडोजचं नाव आहे का बघा. ड्रायव्हर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हमध्ये आणून ठेवा, कारण नेट नसताना तो डाउनलोड कसा करणार?

एक सावधगिरी. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले. त्यामुळे बँकेची, ओटीपीची कामं या मशीनवर आम्ही करत नाही. त्याचं काम एकच, नोंदी ठेवायच्या आणि दर रविवारी प्रत घरी पाठवायची.

नवीन कॉम्प्युटर कधीही विकत मिळेल. गेलेल्या हंगामाची नोंद मिळणार नाही. तुमच्या नोंदी किती ठिकाणी आहेत? कमेंटमध्ये सांगा.