चाबीचा सेल

पुण्याहून लातूरला जायची आमची वाट ठरलेली. टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, मुरूड. या वाटेवर पूर्वी बार्शी लाइटची छोटी गाडी धावायची. २००७-०८ मध्ये ती लाइन ब्रॉडगेज झाली. अब्बा आणि फुफी लहानपणी त्याच गाडीत खिडकीसाठी भांडायचे. त्या दिवशी आम्ही निघालो ते फुफीच्या मातीला. फोन फजरच्या वेळी आला. जनाजा अस्रनंतर ठरला होता.

गाडी नवी होती, चाबी न लावता उघडणारी. चाबी खिशात ठेवायची, दारावरचं बटण दाबायचं, आत बसून ब्रेकवर पाय ठेवायचा आणि स्टार्टचं बटण दाबायचं. गाडी घेतली त्या दिवशी सगळं समजावून सांगितलं गेलं होतं. पण आम्ही पेढे वाटण्यात आणि हार घालून फोटो काढण्यात गुंतलो होतो. आठ दिवसांपासून समोरच्या पडद्यावर चाबीचं एक छोटं चित्र लुकलुकत होतं. आम्ही त्याच्याकडे बघितलंही नाही.

येडशीच्या चौकात जुहरची नमाज आणि चहा, एवढ्यासाठी उतरलो. हा चौक म्हणजे सोलापूर-धुळे महामार्ग आणि बार्शी-लातूर रस्ता यांची गाठ. रामलिंग घाटाचं अभयारण्य लागूनच आहे. भाईजाननी दारावरचं बटण दाबलं, गाडी बंद झाली. चहा पिऊन आलो तर उघडेना. बटण दाबलं, चाबी काचेजवळ नेली, चाबीवरचं बटण दाबून दाबून अंगठा दुखला. अम्मीची तसबीह, अब्बांच्या गोळ्या, पाण्याची बाटली, सगळं आत.

अब्बा रस्त्याच्या कडेला उभे राहून म्हणाले, "दरवाजा सामने, चाबी हाथ में, और हम बाहर!" त्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. तेवढ्यात लातूरची एसटी समोरून निघून गेली. "अगली में मैं बैठ जाता," ते म्हणाले.

चहावाल्यानं पोरगा पाठवून एका मिस्त्रीला बोलावून आणलं. मिस्त्री पन्नाशीचा, हाताला ग्रीस. त्यानं चाबी उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "चाबी मरी नै भाई, उसका सेल मरा."

मग त्यानं चाबीच्या कडेची बारीक कळ सरकवली आणि आतून पोलादी पातं बाहेर काढलं. म्हणजे साधी चाबी या चाबीच्या पोटातच होती! दाराच्या मुठीवरचं झाकण काढल्यावर चाबीचं भोक दिसलं. पातं फिरवलं आणि दार उघडलं. लगेच गाडीनं जी बोंब ठोकली, तिनं अख्खा चौक गोळा झाला. आपल्याच गाडीचे चोर म्हणून आम्ही मधोमध उभे.

"अब ब्रेक दबाओ, और चाबी बटन को चिपकाओ." भाईजाननी चाबीच स्टार्टच्या बटणाला टेकवली आणि तशीच दाबली. बोंब थांबली, गाडी चालू झाली. मिस्त्रीनं समजावलं ते असं: गाडी लांबून हाक मारते, तिला उत्तर द्यायला चाबीला स्वतःचा सेल लागतो. सेल संपला की उत्तर जात नाही. पण चाबीत आणखी एक चिप असते, तिला सेल लागत नाही. बटणाशेजारच्या कॉइलमधूनच तिला वीज मिळते, फक्त अगदी जवळ न्यावं लागतं. काही गाड्यांत त्यासाठी वेगळा खण असतो.

घड्याळवाल्याकडून सेल आणला. सीआर २०३२, तीन व्होल्टचा. नंबरातच माप असतं हे त्या दिवशी कळलं: वीस मिलिमीटर रुंद, ३.२ जाड. मिस्त्रीनं अधिकची बाजू बघून तो बसवला. निघता निघता आणखी सांगितलं. गाडीतले दिवे मंद झाले आणि नुसतं टकटक वाजलं, तर दोष गाडीच्या मोठ्या बॅटरीचा. दिवे ठीक असूनही चालू झाली नाही, तर ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो का बघा, नसेल तर ब्रेकचा स्विच गेला. स्टिअरिंग अडकलं असेल तर ते हलवत बटण दाबा. आणि मोबाइल व चाबी एका खिशात ठेवू नका. पैसे विचारले तर म्हणाला, "मय्यत को जा रहे ना? जाओ." सेलचेच तेवढे घेतले.

या सगळ्यात सव्वा तास गेला. लातूरला पोचलो तेव्हा जनाज्याची नमाज होऊन गेली होती. चेहरा बघायला मिळाला नाही. अम्मीला घरी सोडून आम्ही कब्रस्तानात धावलो. लोक अब्बांसाठी थांबले होते. त्यांनी बहिणीला तीन मुठी माती दिली आणि बराच वेळ हात झाडले नाहीत.

रात्री फुफीच्या सुनेनं फुफीच्या कमरेचा चाब्यांचा जुडगा अब्बांपुढे ठेवला. संदूक, कोठी, माळवदाचं दार. अब्बांनी एकेक चाबी ओळखली. मग आमच्याकडे वळून विचारलं, "वो पत्ती कैसे निकाली थी उसने? मुझे भी दिखाओ."

आम्ही दाखवली. दोनदा त्यांनी स्वतः काढली, परत बसवली. आता दोन जादा सेल अम्मीच्या पर्समध्ये असतात. गाडीत नाही, कारण गाडी बंद झाली तर तेही आतच राहतील. ही सूचना अब्बांची.