पेन्सिलीची खूण

मी पाचवीचा वर्ग घेत असताना जून महिन्यात एक नवा विद्यार्थी आमच्याकडे आला. तो कुणाच्या नजरेला नजर देत नसे. प्रश्न विचारला, तर पुष्कळदा तोच प्रश्न परत उच्चारी. घंटेचा टोल पडला, की दोन्ही कान घट्ट दाबून तो बाकाखाली शिरे. मुले हसत. ‘स्वमग्नता’ हा शब्द त्यांना कुठून ठाऊक असणार? स्वमग्न मुलाच्या मेंदूची घडणच निराळी असते. आपणांस साधा वाटणारा आवाजही त्याला असह्य होऊ शकतो. एके काळी डॉक्टरदेखील याचा दोष आईला देत. केवढा हा अन्याय!

काही पालक मुख्याध्यापकांकडे आले. “याला वेगळ्या शाळेत घाला. आमच्या मुलांचा अभ्यास बुडतो.” त्यांची काळजी अगदीच खोटी नव्हती, एकाच्या रडण्याने सगळ्यांचा पाठ थांबे. मुख्याध्यापकांनी त्यांना २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा दाखविला. मग डोनाल्ड ट्रिपलेटची हकीकत सांगितली. १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी ज्या अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यांतला हा पहिला. लहानपणी त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवले होते. आईवडिलांनी त्याला परत आणले. अमेरिकेतल्या फॉरेस्ट या लहानशा गावी तो इतरांबरोबर शाळेत शिकला, १९५८ साली पदवीधर झाला आणि गावच्याच बँकेत नोकरीस लागला. २०२३ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी तो वारला.

“ते गाव निराळे,” असे म्हणून एका गृहस्थांनी आपल्या मुलाची तुकडी बदलून घेतली.

मी त्या मुलाला दिवसाचे वेळापत्रक चित्रांनी काढून दिले. पण घंटेचा प्रश्न सोडविला तो त्याच्या शेजारच्या मुलीने. टोल पडण्यापूर्वी दोन मिनिटे ती त्याच्या बाकावर मुकाट्याने पेन्सिल ठेवी. ही खूण त्याला चार दिवसांत कळली. तो आधीच कान झाकून बसू लागला. बाकाखाली जाणे थांबले. भूगोलाच्या तासाला त्याने पुण्यापासून दौंडपर्यंतची स्थानके ओळीने सांगितली. वर्ग थक्क झाला. अशी स्मरणशक्ती प्रत्येक स्वमग्न मुलाजवळ नसते; आणि ती नसती, तरी त्याचे बाक त्याचेच होते.

पुढे ती मुलगी तापाने घरी राहिली. त्या दिवशी टोलाच्या आधी तीन दिशांनी तीन पेन्सिली त्याच्या बाकावर आल्या. त्याने त्या लांबीप्रमाणे नीट ओळीत लावल्या आणि मगच कानांवर हात ठेवले.