पाणी फुकट, शरबत पाच रुपये

मे महिन्यात यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालेल्या माणसाला बोरी अरब आधी तहान म्हणून भेटतं, मग गाव म्हणून. पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असतो. डांबर मऊ पडलेलं असतं. एसटी अडाण नदीच्या पुलावरून येते तेव्हा खाली पाण्यापेक्षा वाळू आणि गोटेच जास्त दिसतात. दुपारी बारा ते चार शहाणी माणसं कूलरसमोर आडवी होतात. रस्त्यावर दोनच प्रकारची माणसं उरतात. ज्यांना निघाल्याशिवाय गत्यंतर नाही ती, आणि ज्यांना शाळेच्या सुट्ट्या लागल्या आहेत ती.

या दुसऱ्या प्रकारच्या माणसांनी पहिल्यांसाठी लिंबू शरबताचं दुकान टाकावं, असं मला फार वाटतं.

पोरांना दुकानदारी काही नवी नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत बाल आनंद मेळावा भरतो. भेळ, पाणीपुरी, चिवडा, भजी असं मांडून पोरं ओरडून ओरडून विकतात. गुरुजी, बाई आणि आईबाप हेच गिऱ्हाईक. मात्र हा मेळावा बहुधा हिवाळ्यात भरतो, तेव्हा शरबताला कोण विचारतो? ज्या दिवसांत तहान खरी असते, त्या दिवसांत शाळेला कुलूप असतं. तेव्हा नफा-तोट्याचा धडा उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला शिकणंच बरं. अमेरिकेत घरापुढे टेबल मांडून लेमोनेड विकणं हा बालपणाचा ठरलेला भाग. तिथे परवाना नाही म्हणून पोलिसांनी पोरांची दुकानं बंद केली आणि शेवटी टेक्सास राज्याला २०१९ मध्ये मुलांच्या लेमोनेडला मुभा देणारा कायदाच करावा लागला. आपल्याकडे गोष्ट तिथवर जायची नाही. आपल्याकडे तंटा झालाच तर लिंबांच्या भावावरून होईल.

कारण लिंबू नेमकं हवं तेव्हाच चढतं. झाडाला बहार तीन: आंबिया, मृग आणि हस्त. मे महिन्यात हातात फळ यायचं, तर हस्त बहार धरावा लागतो. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात झाड फुलायला हवं. फुलण्याआधी त्याला पाण्याचा ताण द्यायचा असतो, आणि त्या दिवसांत तर आभाळच पाणी देत असतं. ताण बसत नाही, फूल कमी धरतं, आणि उन्हाळ्यात सगळ्या गावाची नजर एका पाटीभर लिंबांवर येते. २०२२ च्या एप्रिलमध्ये एकेक लिंबू दहा रुपयांच्या घरात गेलं होतं, ते अजून पुष्कळांच्या लक्षात असेल. म्हणून दुकान टाकणाऱ्या पोराचा पहिला धडा असा, की उन्हाळ्यातलं शरबत आदल्या पावसाळ्यात ठरलेलं असतं.

दुसरा धडा हाताचा. पेल्याला अर्धं लिंबू, दोन चमचे साखर, चिमटीभर मीठ, वरून थोडी जिऱ्याची पूड. भाव चढला की हात अर्ध्या लिंबातून पाऊण लिंबाचा रस काढायला बघतो. मग साल पिळली जाते, बिया चिरडतात आणि शरबत कडू होतं. लोभाची चव इतक्या लवकर जिभेवर उतरवणारा दुसरा धंदा माझ्या तरी माहितीत नाही. रस करायचा तो स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात. कल्हई गेलेल्या पितळी गंजात आंबट ठेवू नये, हे कुठलीही आजी सांगेल.

थंडावा माठाचा. बर्फाची लादी आणायची तर कारखान्याची वीज आली, आणतानाच निम्मी वितळायची, आणि ती कुठल्या पाण्याची याचा भरवसा नाही. माठाला ही भानगड नाही. त्याच्या अंगातून पाणी पाझरतं, वारा लागला की उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची ऊब सोबत नेतं. एक ग्रॅम पाणी उडालं की सुमारे ५८० कॅलरी गेल्या, म्हणजे मागे राहिलेलं ५८ ग्रॅम पाणी दहा अंशांनी उतरलं. मुंबईच्या दमट हवेत माठ बिचारा हिरमुसतो. तिथली हवा आधीच ओली, तिला आणखी पाणी नको असतं. वऱ्हाडातली मे महिन्याची हवा मात्र कोरडी ठणठणीत, मिळेल तो ओलावा पिऊन टाकणारी. ज्या हवेनं घसा सुकतो, तीच हवा माठ गार करते. खाली ओली वाळू, भोवती ओलं गोणपाट, वर सावली, एवढी सोय केली की दात शिवशिवतील असं पाणी मिळतं. फक्त संध्याकाळी माठ थोडा उतरलेला असतो. तो आपली दलाली पाण्यातच घेतो.

सावलीलाही पैसा लागत नाही. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उरते, तूर निघाली की तुराटी. बरीचशी चुलीत जाते, काही धुऱ्यावरच पेटवून देतात. चार बल्ल्या रोवून त्यावर पऱ्हाटी-तुराटी पसरली की मांडव झाला. पाटी म्हणून फळकूट आणि खडू. स्वतःच्या हसऱ्या फोटोचा फ्लेक्स लावायचा मोह पोरांनी मोठ्यांसाठी सोडावा.

इथवर सगळं सोपं आहे. खरा पेच पुढे येतो: शरबत द्यायचं कशात?

महाराष्ट्रात २०१८ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या पेल्यांना, ताटल्यांना, नळ्यांना आणि थर्मोकोलला बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून अशा बऱ्याच वस्तूंवर देशभर बंदी आली. तरी लग्न उठल्यावर मांडवामागे काय उडत असतं, ते आपण पाहतो. कागदी कप म्हणावा, तर त्याच्या आतून प्लास्टिकचाच पातळ थर असतो. नाहीतर कागदात पाणी राहिलंच नसतं. मग मातीचा पेला? कुंभाराला काम मिळतं, घोटाला मातीचा वास येतो, सगळं खरं. पण भट्टीला लाकूड लागतं, आणि एकदा भाजलेली माती पुन्हा शेताची माती होत नाही. कौंडिण्यपूरला उत्खनन झालं तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीची खापरं निघालीच की. एका घोटासाठी दोन हजार वर्षांचं खापर मागे ठेवायचं, हा हिशेब मला जड वाटतो. तोच पेला धुऊन पुन्हा वापरला तर गोष्ट वेगळी.

पळसाचा द्रोण या सगळ्यांत देखणा. पळसाला पानं तीनच, पण चैत्र-वैशाखात ती नवी, रुंद आणि चिवट असतात. काडीनं टाचून द्रोण लावायला पोरांना एक दुपार पुरते. तो खाली ठेवला की कलंडतो, म्हणून गिऱ्हाइकाला हातात धरून तिथेच संपवावं लागतं. कचरा गावभर फिरत नाही, आणि उरलेला द्रोण शेळीच्या स्वाधीन करता येतो.

राहिला स्टीलचा पेला. तो वर्षानुवर्षं टिकतो, पण धुवायला पाणी मागतो, आणि आपण कुठल्या जिल्ह्यात उभे आहोत हे विसरून चालत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली आणि यवतमाळ शहर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलं. तिथल्या पोराला ‘पेले धुऊन वापर’ असं सहज सांगता येत नाही. सांगायचं तर पूर्ण सांगावं. दोन बादल्या ठेव, पहिलीत विसळ, दुसरीत स्वच्छ काढ. पिळलेल्या लिंबाच्या फोडीनं पेला घास आणि धुण्याचं पाणी शेवटी लिंबाऱ्याच्या बुडाशी टाक. बादली रिकामी झाली की पोराला कळतं, आज किती माणसं येऊन गेली आणि त्यांच्यासाठी किती पाणी गेलं. पैशांच्या डब्याइतकाच खरा हिशेब या बादलीत असतो.

याहून सोपा मार्ग याच मुलखातल्या एका माणसानं आयुष्यभर दाखवला. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. खराटा हातात आणि गाडगं जवळ. डोक्यावरचं गाडगं खाली घेतलं की तेच ताट आणि तोच पेला. वाढणाऱ्यावर भांड्याचा भार नाही, गावावर उष्ट्या पत्रावळींचा भार नाही. पोरांनी पाटीवर लिहून टाकावं: आपला पेला आणेल त्याला एक रुपया कमी. बसमधून उतरणाऱ्या बाईच्या पिशवीत डबा असतोच, त्याचं झाकणही चालेल.

बाबांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न दिल्यावर लगेच तहानेल्याला पाणी येतं. तिथे मला या दुकानातली सगळ्यांत अवघड गोष्ट आठवते. आपल्या गावांत उन्हाळ्याच्या तोंडावर पाणपोई बसते. रांजणावर ओलं फडकं, कडेला ओगराळं, आणि ओंजळ पुढे केली की कुणी जात विचारू नये, पैसा तर विचारूच नये. विचारलं जात होतं तेही आपण जाणतो, म्हणून तर बाबांना गावोगाव बोलावं लागलं. ओंजळ हा जगातला सगळ्यांत निरुपद्रवी पेला, पण त्यात शरबत पिता येत नाही. हात चिकट होतात आणि मुंग्या मनगटापर्यंत चढतात. म्हणजे शरबताला दुकान लागतं, पाण्याला लागत नाही. आता वीस रुपयांची बाटली हातात आल्यापासून हा फरक पुसत चालला आहे. पाणपोईशेजारून जाणारा माणूसही आधी टपरीवरच्या फ्रिजकडे बघतो.

पोरांच्या दुकानानं हा फरक तेवढा जपावा. लिंबू विकत आणलं आहे, त्याचे पैसे घ्या. साखरेचे घ्या, पिळण्याच्या कष्टाचे घ्या, दोन रुपये नफाही घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण नुसतं पाणी मागितलं तर ते द्या, त्याच माठातलं आणि तितकंच गार.

“काकाजी, घ्या ना शरबत, थंडगार हाय.”

“नुसतं पाणी भेटन का रे?”

“भेटन ना. त्याचे पैसे नाही लागत.”

हे वाक्य दहा वर्षांच्या दुकानदाराला सोपं नाही. समोरचा मनुष्य दोन पेले पाणी पिऊन, तोंड पुसून, शरबताकडे न बघता निघून जातो आणि माठ तेवढा खाली उतरतो. पाणी भरायला हातपंपावर पुन्हा आपणच जायचं असतं. पर्यावरण म्हणून शाळेत जो विषय शिकवतात, त्याची खरी परीक्षा त्या फेरीत होते. द्रोण लावणं, सालींचं लोणचं घालणं, चोथा खताच्या खड्ड्यात टाकणं यात पोरांना मजा असते. ती मजा सोडून ज्याचा मोबदला मिळणार नाही अशी एक घागर उन्हात आणणं, ही या दुकानाची खरी किंमत.

म्हणून संध्याकाळी डबा मोजायला बसलेल्या पोरांना मोठ्यांनी ‘किती कमावले?’ एवढंच विचारून थांबू नये. ‘फुकट किती जण पिऊन गेले?’ हेही विचारावं. पहिला आकडा पाठ आणि दुसरा माहीत नाही असं असेल, तर पोरं दुकान टाकायला शिकली. दोन्ही आकडे तोंडावर असतील, तर ती या उन्हात राहायला शिकली.