कर्तव्य आणि त्याग

विश्वविद्यालयाकरितां व्यवसायनीतीवर निबंध लिहावयाचा होता. सुटींत वेळापुरास असतां मीं कागदावर प्रथम एकच प्रश्न लिहिला: वैद्याचें कर्तव्य कोठें संपतें व त्याग कोठें सुरू होतो? प्रश्न निश्चित झाल्यावांचून लेखणीस दिशा सांपडत नाहीं.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यांतील घेतलें. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं पांच भारतीय डॉक्टरांच्या पथकांतून चीनला गेले, युद्धांतील जखमींवर उपचार करीत राहिले व ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघे ३२ वर्षांचे असतां, तेथेंच निवर्तले.

‘मग प्रत्येक डॉक्टरनें प्राण वेंचावे काय?’ हा आक्षेप मीं स्वतःच मांडला. कारण विरुद्ध पक्ष प्रामाणिकपणें मांडल्यावांचून स्वपक्ष बळकट होत नाहीं. उत्तर असें: चीनला जाणें हा त्याग, तो कोणावर लादतां येत नाहीं. परंतु हातीं घेतलेला रोगी परका वा निर्धन म्हणून टाकूं नये, हें कर्तव्य. तें खेड्यांतील वैद्यासही चुकत नाहीं.

शेवटीं प्रत्येक परिच्छेद मूळ प्रश्नाशीं ताडून पाहिला. जो उत्तरास साह्य करीना, तो गाळला. विद्यार्थिमित्रहो, उद्यां आपण शिक्षक, वकील, कारकून व्हाल. तेव्हां हाच प्रश्न आपणांस आचरणानें सोडवावा लागेल.