पहिल्या पानावर काय ठेवावं?

बदलापूर-अंबरनाथहून सकाळी निघणाऱ्या माणसाला फोनकडून फार काही नको असतं. पुढची लोकल किती वाजता, तिकीट कुठे आणि छत्री घ्यायची का, एवढं कळलं की झालं. मी अ‍ॅप बनवूनच पोट भरतो, तरी सांगतो, त्यासाठी ढीगभर अ‍ॅप लागत नाहीत. होम स्क्रीन नीट लावावी लागते.

अँड्रॉइडवर कुठल्याही अ‍ॅपची विजेट, म्हणजे अ‍ॅप न उघडता माहिती दाखवणाऱ्या चौकटी, २००९ पासून ठेवता येतात. आयफोनच्या होम स्क्रीनवर ती २०२० मध्ये आयओएस १४ बरोबर आली. पण विजेट म्हणजे चालू असलेलं अ‍ॅप नव्हे, ते फळ्यावर लिहून ठेवलेल्या सूचनेसारखं असतं. बॅटरी वाचावी म्हणून अँड्रॉइडच्या नेहमीच्या व्यवस्थेत विजेट अर्ध्या तासाच्या आत आपणहून ताजं होत नाही. आयफोनही दिवसभराचा कोटा बांधून देतो. बॅटरी सेव्हर लावला की आणखी उशीर.

म्हणून जे सावकाश बदलतं तेच विजेटवर ठेवावं: तारीख, दिवसाचा हवामान अंदाज, कामांची यादी. गाडीसाठी मात्र अ‍ॅप उघडावंच. २०१० पासून चाललेल्या एम-इंडिकेटरमध्ये वेळापत्रक फोनमध्येच साठवलेलं असतं, त्यामुळे नेट गेलं तरी अडत नाही. पण छापील वेळ आणि खरी गाडी यांची रविवारी मेगाब्लॉकमध्ये फारकत होते. तेव्हा मध्य रेल्वेचं ‘यात्री’ उघडून लोकल कुठवर आली ते बघावं.

तिकिटासाठी १ जुलै २०२५ पासून ‘रेलवन’ आहे. आरक्षण आणि साधं तिकीट दोन्ही त्यातच. लोकलचं तिकीट मात्र घरून निघतानाच काढा. फलाटावर पोचल्यावर जीपीएस तुम्हाला ओळखतो आणि पेपरलेस तिकीट नाकारतो.

उल्हासनगरच्या गजानन मार्केटात दोन्ही हातांत पिशव्या असताना पैसे देण्याचं अ‍ॅप शोधत बसू नका. त्याचं चिन्ह दाबून धरा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये ‘स्कॅन’चा पर्याय येतो. अँड्रॉइडवर तो ओढून बाहेर ठेवला की एका टिचकीत कॅमेरा.

पावसाचं गणित वेगळं. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराच्या वर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. अशा दिवशी सकाळचा अंदाज दाखवणारी चौकट काय कामाची? तिथे फोननेच आपल्याला हाक मारली पाहिजे. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. त्याची नोटिफिकेशन कधीही बंद करू नका. बंद करायची ती सेल आणि ऑफरची. ती इतकी वाजतात की खरा इशारा आला तरी आपण बोटाने बाजूला सारतो.

या दिवाळीत घराबरोबर होम स्क्रीनही झाडा. आठवडाभर जिच्याकडे पाहिलं नाही ती चौकट बिनधास्त काढा. त्याने अ‍ॅप जात नाही आणि आतली माहितीही जात नाही.